वर्ग चार, पडीक

हुलगा शिजत ठेवला की त्यावर झाकण घालत नाहीत. घातलं तर फेस येऊन उतू जातो आणि चुलीला दोन दिवस वास राहतो.

ढग : अकरा टक्के. चित्र वापरण्याजोगं.

दुधनीच्या स्टँडवर एका म्हातारीनं कंडक्टरला विचारलं, "कारीहाळला थांबती का गाडी?" कंडक्टर म्हणाला, "थांबायला तितं गाव पायजे की, मावशी."

कंपनीच्या कॅलेंडरवर मे महिन्याला नॉर्वेतलं जंगल आहे. झाडांवर बर्फ आहे.

एका हेक्टरात किती एकर? शाळेतले मास्तर म्हणायचे, अडीच धरा रे, कोण मोजायला जातंय.

एक चौकोन दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद. त्यात एक बैलगाडी, दोन माणसं, एक बाभळ आणि त्या बाभळीवरून चाललेलं भांडण असं सगळं मावतं. वरून त्याचा एकच आकडा येतो.

"हितं काय पिकतंय?"

"काय न्हाय."

*

शेवटचा प्रश्न रत्नदीपनं विचारला होता. उत्तर त्याच्या आत्यानं दिलं होतं. ती दोघं जिथं उभी होती तिथं पाच महिन्यांपूर्वी हुलगा उभा होता, हे दोघांनाही ठाऊक होतं. त्याला आता तीन वर्षं झाली.

रत्नदीप सोलापुरात होटगी रोडला एका कंपनीत कामाला आहे. खाली टाइल्सचं दुकान, वर कंपनी. कंपनी कार्बन मोजते. म्हणजे हलक्या, मुरमाड, कुणी कसत नसलेल्या जमिनी उपग्रहाच्या चित्रांवरून शोधायच्या, तिथं झाडं लावायची, मग दर पाच दिवसांनी येणाऱ्या चित्रांवरून ती किती वाढली आणि त्यांनी हवेतला किती कार्बन धरून ठेवला ते सांगायचं, आणि हे सांगणं दूरदेशीच्या धूर सोडणाऱ्या कारखान्यांना विकायचं. रत्नदीपला हे काम चांगलं येतं. आवडायचंही. गावात कुणी विचारलं, काय करतोस, तर तो म्हणायचा, "वरून बघतो."

मे महिन्यात पहिल्या टप्प्याची यादी त्याच्या टेबलावर आली. सतरा गट. नववा असा होता :

*कारीहाळ. गायरान. १५.४ हेक्टर. वर्ग चार, पडीक. ग्रामपंचायतीचा ठराव जोडला आहे. कुंपण जूनचा दुसरा आठवडा. मुदत तीस वर्षं. मुदतीत नांगरट नाही, पेर नाही, चराई नाही.*

त्यानं नकाशा उघडला. गायरानाचा आकार त्याच्या ओळखीचा होता, उपड्या पडलेल्या चपलेसारखा. टाचेच्या बाजूला ओढा. ओढ्याला लागून आत्याचे चार एकर. त्यानं मोजले, एकशे बासष्ट चौकोन भरले. सगळे फिकट पिवळे. फिकट पिवळा म्हणजे वर्ग चार.

मनकर्णा ही त्याच्या वडिलांची थोरली बहीण. नांदायला गेली आणि वर्षाच्या आत परत आली, ती कायमची. रत्नदीपची आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं, बारावी करवली, सोलापूरला धाडलं. एवढं सगळं त्या चार एकरांतल्या हुलग्यावर, मटकीवर आणि बरं वर्ष असलं तर पोतंभर बाजरीवर झालं. सातबारा तिच्या नावावर नव्हता. त्या माळावर कुणाच्याच नावावर नव्हता. गायरान सरकारचं असतं. मनकर्णाला दुसरं रान नव्हतं.

यादी वाचून झाल्यावर त्यानं पाण्याची बाटली उघडली, तोंडाला लावली आणि तशीच परत खाली ठेवली. नकाशावरचा तो पिवळा रंग कुणी भरला होता, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

*

कारीहाळच्या वस्तीतली अकरा घरं हे गायरान कसतात. पण कसतात असं दिसू देत नाहीत. बांध घालत नाहीत. हद्दीला दगड असतात, पण ते रांगेत ठेवलेले नसतात, ज्याचे त्याला माहीत. माळावर खोप घालायची नाही, झाड लावायचं नाही, हौद बांधायचा नाही. हुलगा कापत नाहीत, मुळासकट उपटतात, म्हणजे मागं बुडखा राहत नाही. खळंही माळावर नसतं. उपटलेल्या वेलाचे भारे डोक्यावरून वस्तीत आणायचे आणि विहाराच्या मागच्या अंगणात बडवायचे. मग रानात शेळ्या सोडायच्या. डिसेंबर सरता सरता माळ असा दिसतो की तिथं माणसाचं पाऊल पडलं असेल असं कुणी म्हणू नये.

आणि हातात कागद किंवा यंत्र असलेलं कुणीही आलं की वस्तीचं उत्तर एकच, पडीक हाय. लहान पोरांनाही हेच पढवलेलं.

तीन वर्षांपूर्वीच्या एप्रिलात गायरानावरची अतिक्रमणं काढायच्या याद्या चालू होत्या. शेजारच्या एका गावात जेसीबी येऊन गेला होता. त्याच महिन्यात कंपनीनं तालुक्याच्या नकाशावर सहाशे चाळीस ठिपके पाडले. प्रत्येक ठिपक्यावर जायचं, उभं राहायचं, चारी दिशांचे फोटो घ्यायचे, आसपासच्या शेतकऱ्याला विचारायचं, की गेल्या पावसाळ्यात इथं काय होतं, आणि फॉर्म भरायचा. या फॉर्मांवरूनच मशीन शिकतं. असा हिरवेपणा असला की पीक, तसा असला की पडीक. एकदा शिकलं की बाकीचा तालुका ते स्वतःच रंगवतं.

अकरा ठिपके कारीहाळच्या गायरानावर पडले होते. ते रत्नदीपनं आपणहून मागून घेतले. आपलंच गाव, म्हणाला.

मनकर्णा डोक्यावर पदर घेऊन त्याच्यामागं माळभर हिंडली.

"काय लिवायलास?"

"इथं काय असतं ते. शेतकऱ्याला विचारून लिहायचं."

"मग इचार की."

"तुला?"

"मी दिसंना व्हय तुला? इचार."

त्यानं घसा खाकरला, मोबाइल छातीशी धरला आणि तिच्याच बोलीत विचारलं, "हितं काय पिकतंय?"

"काय न्हाय." मनकर्णानं तोंडाला पदर लावला. खांदे हलत होते. "पडीक हाय, सायेब. कुसळं हायती. येखादा ससा आसतोय."

"सशाला रकाना नाही."

"मग ऱ्हाऊ दे ससा."

सातव्या ठिपक्यापाशी रावसाहेब भेटले. वस्तीतले सगळ्यांत वडीलधारे, मनकर्णाच्या शेजारचं रान त्यांचं. त्यांनी मोबाइलमध्ये डोकं घालून बघितलं. त्यांना अक्षर दिसत नव्हतं, पण मान डोलावली. "बेस लिवलास. सरकारच्या कागदाला येकदा पडीक म्हणून लागलं की ब्याद गेली. पडिकावरनं काय काढत्यात? कुणाला काढत्यात?"

*ठिपका ३८८. आच्छादन : वर्ग चार. खात्री : पूर्ण. शेरा : नाही.*
*ठिपका ३८९. आच्छादन : वर्ग चार. खात्री : पूर्ण. शेरा : नाही.*
*ठिपका ३९०. आच्छादन : वर्ग चार. खात्री : पूर्ण. शेरा : नाही.*

असे अकराही. त्या संध्याकाळी आत्यानं हुलग्याच्या पिठाचे शेंगोळे केले. वस्तीतून दोन-तीन घरांनी भाकरी पाठवली. शिकलेला पोरगा कामाला आला असं रावसाहेब दोनदा म्हणाले, आणि रत्नदीपला ते ऐकून इतकं बरं वाटलं की तो तिसऱ्यांदा ते कधी म्हणतात याची वाट बघत बसला.

याद्यावाले त्या वर्षी कारीहाळला आले नाहीत.

*

हुलगा. जुलैत हिरवेपणाचा आकडा दहापैकी दोन. ऑगस्टमध्ये ढग, काही कळत नाही. सप्टेंबरअखेर साडेचार. ऑक्टोबरभर तेवढाच. नोव्हेंबरात उतरू लागतो. डिसेंबर संपताना दीड. मग पुढच्या पावसापर्यंत काही नाही.

कुसळीचं गवत. जुलैत हिरवेपणाचा आकडा दहापैकी दोन. ऑगस्टमध्ये ढग, काही कळत नाही. सप्टेंबरअखेर साडेचार. ऑक्टोबरभर तेवढाच. नोव्हेंबरात उतरू लागतो. डिसेंबर संपताना दीड. मग पुढच्या पावसापर्यंत काही नाही.

रत्नदीपनं दहा वर्षांच्या रेषा एकावर एक ठेवल्या. एकच रेषा दिसत होती. त्यानं हुलग्याची लाल केली, गवताची निळी केली. तरी जांभळी एकच रेषा. दोन्हींत फरक करायला मशीनकडं एकच गोष्ट होती, तिथं उभं राहून आलेल्या माणसाचा शब्द.

*

दिग्विजय सर प्रकल्पाचे प्रमुख. बार्शीकडचे, रत्नदीपपेक्षा चार वर्षांनी मोठे, आवाज न चढवणारे. डबा खात होते.

"सर, कारीहाळचे अकरा पॉईंट चुकीचे आहेत."

"जीपीएस हललं का?"

"नाही. मी चुकीचे भरले."

"चुकून."

"मुद्दाम."

दिग्विजयनी चपातीचा तोडलेला तुकडा परत डब्यात ठेवला. "दार लाव."

रत्नदीपनं दार लावलं आणि उभ्यानं सगळं सांगितलं. दगड, उपटलेले वेल, विहारामागचं अंगण, जेसीबी, आत्या. सशाचं तेवढं सांगितलं नाही. नोकरी जाणार हे त्यानं धरलं होतं, धरूनच तो आत आला होता. नोकरी घ्या आणि माळ सोडा, असा व्यवहार त्यानं मनाशी ठरवून ठेवला होता. असा व्यवहार करणारं त्या खोलीत कुणी नव्हतं, हे त्याला अजून कळायचं होतं.

दिग्विजय रागावले नाहीत. त्यांनी कंप्युटर स्वतःकडं वळवला, अकरा ठिपके शोधले, वर्ग चार पुसून तिथं वर्ग एक लिहिला. वर्ग एक म्हणजे पीक. मग मशीनला पुन्हा सगळं शिकायला लावलं. वीस मिनिटं लागणार होती.

"बस. आत्या का सख्खी?"

"हो."

"हुलगा खाऊन लई वर्षं झाली, यार. आमच्याकडं माडगं करायची आजी."

पंखा फिरत होता. खाली कुणीतरी टाइल्स वाजवून बघत होतं, टण, टण, टण. रत्नदीप पडद्याकडं बघत होता. चार एकर हिरवे होतील. मग यादी परत येईल, गट नऊवर रेघ येईल. फार तर त्याला काढतील.

नकाशा आला. कारीहाळचं गायरान फिकट पिवळं होतं.

"रिफ्रेश करा, सर."

दिग्विजयनी केलं. पिवळंच.

"अचूकता सत्याऐंशी टक्के होती, ती शहाऐंशी पॉईंट सहा झाली. बाकी काही नाही." त्यांनी बोटानं रकाने दाखवले. "बघ ना. ही अशी रेषा असलेले पॉईंट तालुक्यात एकशे नव्वद आहेत. एकशे एकोणऐंशी म्हणतात पडीक. तुझे अकरा म्हणतात पीक. मशीन कुणाचं ऐकणार?"

रत्नदीप त्या एकशे एकोणऐंशींची यादी बघत राहिला. गावांची नावं ओळखीची होती. भरणाऱ्याच्या रकान्यात निम्म्या ठिकाणी त्याचंच नाव होतं. दुसऱ्या गावांच्या कडेच्या वस्त्या, दुसरे माळ, दुसऱ्या बायका. हितं काय पिकतंय? काय न्हाय, सायेब, पडीक. त्या बायका हसल्या नव्हत्या, म्हणून त्यानं ते खरं मानलं होतं. प्रत्येकीच्या मागं माळावर कसे विस्कटलेले दगड पडले होते, हे त्याला आता एकेका फोटोत दिसू लागलं. फोटो त्यानंच काढले होते. चारी दिशांचे.

"मग काहीच नाही?"

"एक रस्ता आहे." दिग्विजयनी ड्रॉवरमधून एक कोरा फॉर्म काढला. "प्रत्यक्ष वहिवाट असेल तर तेवढा तुकडा गटातून वगळता येतो. पण वहिवाटदाराचं नाव लागतं. सही, आधार नंबर, पीक कोणतं. नावाशिवाय कसं वगळू? ऑडिटवाले मला विचारणार."

"नावं दिली तर फॉर्म कुठं जातो?"

दिग्विजयनी डबा बंद केला. "एक प्रत ग्रामपंचायतीला. एक महसूलला. जमीन सरकारची आहे, रत्नदीप. आपण त्यांना न सांगता कसं?" आणि मग, खरोखर विचारल्यासारखं, "तूच सांग, मी काय करू?"

रत्नदीपनं फॉर्मच्या अकरा प्रती काढल्या.

*

रविवारी विहारापुढच्या पत्र्याखाली सगळे जमले. रावसाहेब आधीच खुर्ची टाकून बसले होते.

"आला बघा वरनं बघणारा. काय रं, परवा वढ्याला बसलो हुतो मी. त्ये बी दिसलं आसंल की?"

"दहा मीटरच्या आतलं नाही दिसत, आबा."

"इज्जत ऱ्हायली म्हणायची."

बायका हसल्या. रत्नदीपनं बोलायला सुरुवात केली आणि हसू हळूहळू मिटलं. त्यानं काही लपवलं नाही. पडीक आपणच लिहिलं, म्हणाला. आता तिथं कुंपण येणार, तीस वर्षं. थांबवायचं असेल तर प्रत्येकानं आपलं नाव द्यायचं, इथं मी हुलगा पेरतो म्हणून. आणि तो कागद वर जाणार.

"नाव दिलं की जेसीबी," रावसाहेब म्हणाले, "आन न्हाय दिलं की झाडं."

"हो."

"मग झाडं बरी. झाडं हळू येत्यात."

तेवढ्यात सरपंच गुरुलिंगअण्णांची मोटरसायकल रस्त्यानं चालली होती. वच्छलानं, वस्तीतल्या सगळ्यांत तोंडाळ बाईनं, गाडीला हात केला. अण्णांनी एक पाय टेकवून गाडी थांबवली, बंद केली नाही.

"अण्णा, आमचं रान दिलंसा व्हय कंपनीला?"

"कुटलं रान?"

"माळावरचं."

"माळावर तुमचं रान हाय?" अण्णांनी सगळ्यांकडं एकदा बघून घेतलं. त्यांच्या चेहऱ्यावर खोडी नव्हती, नवल होतं. "ग्रामसभेत इचारलं की मी. माळावर कुणाची वहिवाट आसंल तर हात वर करा म्हणलं. तुमी समदी बसला हुता म्होरं. कुणी केला हात? येवडी वर्षं तुमीच सांगतासा, पडीक हाय, पडीक हाय. मी खोटं म्हणू व्हय तुमास्नी?"

गाडी निघून गेली. अण्णांचं काही चुकलं होतं असं कुणाला म्हणता येईना, आणि त्यामुळं सगळ्यांना जास्तच राग आला, पण तो ठेवायचा कुठं ते कळेना.

रत्नदीपनं फॉर्म पुढं केले. सगळ्यांचे तुकडे एकमेकांना लागून आले तर जमेल, म्हणाला. रावसाहेबांचा नातू पोलीस भरतीला बसला होता, अतिक्रमणात आजोबाचं नाव नको. वच्छलाचं घरकुल मंजूर होऊन अडकलं होतं, आता कुठं पहिला हप्ता यायचा होता. एकाचा मुलगा तलाठ्याच्या हाताखाली लागला होता. एकानं कारण सांगितलंच नाही, फक्त चप्पल शोधू लागला. कुणी भांडलं नाही. एकेक जण रत्नदीपच्या पाठीवर हात ठेवून उठत गेला, मयताला येऊन गेल्यासारखा.

पत्र्याखाली मनकर्णा राहिली.

"माझं लिव."

"आत्ती, एकटीचं..."

"लिव म्हणलं की."

"नोटीस येईल. एकटीला येईल."

"त्या टायमाला न्हाय म्हणलं, तवा तू लिवलास. लगीच लिवलास. आता हाय म्हणायलेय." तिनं फॉर्म त्याच्या गुडघ्यावरून ओढून घेतला आणि उलटसुलट बघितला. "आता बी लिव."

त्यानं लिहिलं. पीक या रकान्यात *हुलगा* लिहिलं. तिनं सही केली. सही तिला त्यानंच शिकवली होती, चौथीत असताना, पाटीवर. ती अजून पाटीवर करावी तशीच करायची, अक्षरं मोठी, रकान्याबाहेर जाणारी.

*

*वगळण्याचा अर्ज क्र. १. क्षेत्र १.६ हेक्टर. निकाल : अपात्र. कारण : वगळण्यासाठी किमान सलग क्षेत्र दोन हेक्टर.*

"एक एकर कमी पडला," दिग्विजय म्हणाले. "शेजारचा एक जरी आला असता ना."

शेजारचे रावसाहेब. रत्नदीपनं जिन्यात येऊन फोन लावला. पलीकडून शेळीचं ओरडणं, वच्छलाचं बोलणं आणि रावसाहेबांचा श्वाससुद्धा स्वच्छ ऐकू येत होता.

"आबा, नुसती एक सही..."

"रेंज न्हाय रं हितं," रावसाहेब म्हणाले आणि फोन ठेवला.

रत्नदीप परत वर गेला. "मग तो फॉर्म मला परत द्या, सर. रद्द करा."

दिग्विजयनी कंप्युटरकडं बघितलं, मग त्याच्याकडं. "सकाळीच अपलोड झाला. प्रती आपोआप जातात."

काढून टाका मला, असं म्हणायचं रत्नदीपनं मनाशी जुळवलं होतं, पण ते आता कशाबद्दल म्हणायचं हे त्याला सुचेना. दिग्विजयनी चहा मागवला. तो आला, दोघांनी घेतला.

*

जूनच्या अकरा तारखेला कुंपण आलं. सिमेंटचे खांब, पाच तारा. ठेकेदारानं खड्डे काढायला बायका लावल्या. वस्तीतल्या नऊ जणी गेल्या आणि त्यातल्या कित्येकींनी आपापल्या रानात आपापल्या दगडांमध्ये खड्डे काढले. मनकर्णा गेली नाही. कडुलिंब, करंज, शिवण, सगळी मिळून साडेसहा हजार रोपं लागली. जुलैत पाऊस लांबला. मुरमात पाणी टिकत नाही, हे वस्तीतल्या कुणालाही विचारलं असतं तर कळलं असतं, पण विचारायचं ते विचारून झालेलं होतं.

नोटीस जुलैअखेर आली. अकरा घरांत एकच. मनकर्णानं शेजारच्या पोरीकडून नोटिशीचा फोटो काढून घेऊन रत्नदीपला पाठवला आणि लगेच फोन केला.

"वाच."

त्यानं वाचली. अतिक्रमणधारकाचं नाव, गाव, गट नंबर, क्षेत्र, कलम, मुदत. सात दिवसांत खुलासा करावा.

"पिकाचं काय लिवलंय का?"

"लिहिलंय."

"काय?"

"हुलगा."

मनकर्णाच्या नावापुढं हुलगा लिहिलेला हा पहिला सरकारी कागद होता.

"बरं," ती म्हणाली. "आन खुलासा म्हंजी काय द्याचा आसतोय?"

त्यानं एका वकिलाला विचारलं. वकिलानं विचारलं, वहिवाटीचा जुना पुरावा काय आहे? बांध? झाड? विहीर? खळं? पावती? उपग्रहाचं एखादं जुनं चित्र असलं तरी चालेल, वकील म्हणाला, हल्ली कोर्टात ते चांगलं चालतं. तुमच्या ओळखीत कुणी ते काम करणारं आहे का?

*

खुलाशाला जोडायला काही नव्हतं, मुदत सरली. मनकर्णा आता सोलापुरात त्याच्या खोलीवर राहते. सकाळच्या बसनं चिंचोळी एमआयडीसीत जाते, डाळीच्या मिलमध्ये निवडायला. तूर येते, हरभरा येतो, कधी मूग. बायका चांगल्या आहेत, म्हणते. एक तेलुगू बोलणारी आहे, तिचं अर्धं कळतं. गावाकडचं विचारत नाही. एकदाच तिनं विचारलं होतं, भाजी निवडता निवडता, "त्या मशीनीत बघून सांग की, माजं रान कसं हाय." त्यानं सांगितलं, अजून ढग आहेत. ढग नव्हते.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात गट नऊचं चित्र आलं. ढग : शून्य टक्के. रोपांपैकी बहुतेक वाळली होती, ते ठेकेदाराच्या फोटोंत दिसत होतं. पण उपग्रहाला रोपं दिसत नाहीत. त्याला हिरवेपणा दिसतो, आणि पंधरा हेक्टर माळावर त्या वर्षी कुणी काही उपटलं नव्हतं, शेळी आत गेली नव्हती, कुसळी गुडघ्यापर्यंत आली होती आणि ओढ्याच्या बाजूनं वेडी बाभळ पसरू लागली होती. आकडा साडेचारचा पाच पॉईंट दोन झाला. मशीननं स्वतःच ओळ लिहिली : *गट ९. कार्बन साठा वाढीच्या दिशेने. सुधारणा समाधानकारक.*

खाली एक रिकामा चौकोन होता. *माहितगार व्यक्तीने तपासून खूण करावी.* कारीहाळची माहिती असलेला माणूस कंपनीत एकच होता, म्हणून तो गट त्याच्याकडंच दिलेला होता.

रत्नदीपनं ओढ्याकाठचे एकशे बासष्ट चौकोन मोठे करून बघितले. त्यांत वेगळं काही दिसत नव्हतं. शेरा या रकान्यात त्यानं *इथे* असं लिहिलं, मग पुसलं. पुन्हा लिहिलं, *इथे पूर्वी*, आणि थांबला. शेऱ्याला पुरावा जोडावा, असं खाली लाल अक्षरांत आलं. त्यानं तेही पुसलं.

मग त्यानं खूण केली. पुढचा गट उघडला.

शेऱ्यात यायला हवं होतं ते एवढंच : एकोणीसशे त्र्याहत्तर सालच्या ऑगस्टात कारीहाळच्या माळावर पहिल्यांदा हुलगा पेरला गेला, आणि त्या वर्षी मनकर्णा नऊ वर्षांची होती.